जवळ येऊन वाचायचं नाव

सोमवार, दाजी गेल्याचा चौथा दिवस. दहा फूट बाय आठ फूट, बारा रुपये चौरस फुटाने नऊशे साठ रुपये. बारामतीच्या फ्लेक्सच्या दुकानात हजर आम्ही तिघं : मी, माझी थोरली बहीण अक्का आणि दुकानाचा मालक विनायक. दशक्रियेचा फ्लेक्स सांगायला गेलो होतो. अशा कामाला घरची बाई सहसा येत नाही, पण अक्का आली. तिला एकच गोष्ट पक्की करायची होती. "अक्षर त्यांचंच पाहिजे," ती म्हणाली. विनायकने मान डोलावली. मी शोकाकुलांच्या नावांची यादी पुढे केली. दाजींनी मला नेमकं याच्या उलट सांगून ठेवलं होतं आणि ते एकट्या मलाच माहीत होतं...

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. गाव नरसिंहपूरकडचं, घर जळोचीला, नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्याची. सुट्टीत ते दुकानांच्या पाट्या रंगवत. जाड अक्षर लांबून गोळा होतं, 'ब'चं पोट भरून जातं, 'ळ'चे डोळे मिटतात, ही त्यांची कायमची तक्रार. म्हणून त्यांनी स्वतःचं अक्षर काढायला घेतलं. उभा दांडा चांगला जाड, त्याला जोडणाऱ्या रेषा बारीक, आणि दांड्याच्या तळाला दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली टाच. नुसता दांडा खांबासारखा दिसतो, टाच दिली की अक्षर उभं राहतं, असं ते म्हणत. आलेखाच्या कागदावर मुळाक्षरं झाली, मग जोडाक्षरं. त्यात वर्षं गेली. पुढे इंदापूरच्या एका छापखान्यातल्या मुलीने ते सगळं कॉम्प्युटरवर चढवून दिलं. फॉन्टचं नाव ठेवलं 'टाच'. मी पतसंस्थेत नोकरीला, म्हणालो, लोकांना वाटेल जप्ती आली. "पाव्हणं," दाजी म्हणाले, "तुमच्या पतसंस्थेभायेर बी जग हाय."

फॉन्ट त्यांनी मागेल त्याला फुकट दिला आणि तो पसरला. बारामतीहून इंदापूरला त्यांच्या मागे मोटरसायकलवर बसून जाणं ही मग एक शिक्षाच झाली. टायरचं दुकान आलं की थांब, रसवंती आली की थांब. लोणी देवकरला कारखान्यांच्या बाहेर खानावळींची रांग आहे, तिथे तर एकेका पाटीसमोर थांबणं. "वाचा," ते म्हणत. मी चष्मा सावरून वाचायचो. उसाच्या ट्रॉलीच्या फळीवरचं मालकाचं नाव आम्ही पार कॅनॉलच्या पुलावरून वाचलेलं आहे. वाचता आलं की स्वारी खूश. गर्व होता त्यांना, आणि तो ते लपवत नसत. दुसरा विषयच नव्हता. खरं सांगायचं तर ऐकून ऐकून मी थकत असे.

एकदा इंदापुरात चहा घेत उभे होतो. समोर श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स, अक्षर 'टाच'. दाजींनी पाठ फिरवली.

"तुमचंच की," मी म्हणालो.

"अक्षर माझं हाय, काम माझं न्हाय. ह्ये बोलवायचं अक्षर हाय, पाव्हणं. दुकान उघडलंय, या. ट्रॉली आली, सरका." चहा संपवून ते म्हणाले, "गेलेल्याचं नाव असं गाडीवरनं जाता जाता वाचून संपाय नको. जवळ येऊन वाचाय लागलं पाहिजे. माझ्या येळंला बारीक अक्षरात करा."

मी "व्हय" म्हणालो आणि विषय बदलला.

मंगळवारी विनायकने छापलेला फ्लेक्स जळोचीला आणून अंगणात पसरला. दाजींचं नाव या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी शोकाकुल म्हणून एकतीस नावं दिली होती, त्यातली पाचच खाली दिसत होती.

"मामा, ह्या अक्षरात शोकाकुल बसत न्हाईत," विनायक म्हणाला. "बारीक केलं की गोळा व्हतंय."

"दाजींचे सख्खे चुलतभाऊ राहिलेत."

"मग फोटो काढून टाकू का?"

अक्का फाटकापर्यंत गेली आणि तिथून वळून बघत राहिली.

"दुकान उघडल्यावानी दिसतंय," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला इंदापूरचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुला सांगितलं... मला न्हाय सांगितलं."

तिने फ्लेक्सवरचा कचरा पदराने झटकला. "मी रडले आसते, म्हणून न्हाय सांगितलं," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग विनायकला, "कर बाबा बारीक."

दुसरा फ्लेक्स चार बाय तीनचा, एकशे चव्वेचाळीस रुपये. साधं, सडपातळ अक्षर, एकतीसही नावं बसली. जळोचीच्या फाट्यावर लावला आणि मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसलो. रस्त्यावरून काही वाचता येत नव्हतं. मोटरसायकली थांबत होत्या. माणसं उतरत, जवळ जात, वाचत, आणि मग लगेच निघता येत नसे म्हणून थोडी उभी राहत. एका ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं, चालत गेला, टोपी काढली. तो कोण, मला माहीत नाही.

दशक्रिया नरसिंहपूरला संगमावर झाली. त्यालाही आता काही आठवडे झाले. परवा जळोचीला गेलो तर घर यायच्या आधीच वळणावरून दाजींचं नाव वाचता आलं. अक्काने पहिला फ्लेक्स कात्रीने कापला होता. वरची 'भावपूर्ण श्रद्धांजली', फोटो, खालचे पाच शोकाकुल, सगळं काढून टाकलं होतं. नुसत्या नावाची लांब पट्टी गोठ्याच्या पत्र्याला बांधली होती. प्रत्येक अक्षर आपापल्या टाचेवर उभं.

"येणाऱ्याला कळाय नको, घर कुणाचं हाय?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

परतताना विनायककडे गेलो. तो एकशे चव्वेचाळीसच घ्यायला तयार होता. पहिला फ्लेक्स लागलाच नाही, त्याचे कसले पैसे, म्हणाला. मी सांगितलं, लागलाय, जळोचीला येऊन बघ. दोन्हींचे मिळून अकराशे चार रुपये विनायकला दिले.