काल येऊन गेलेला मी

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. राहतो कर्वेनगरला, नोकरी हिंजवडीत... त्या ट्रॅफिकनंतर भुताची भीती कसली! तरी लिहितोय, कारण या प्रकाराला माझी सुनंदाकाकू साक्षीदार आहे आणि काकू उगाच कुणाची बाजू घेत नाही.

मुळशीच्या पुढे, डोंगरात करंजमाळ नावाची छोटीशी वाडी आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे माझ्यासाठी मुलगी बघायला निघालो. मुलगी, वैशाली, हिंजवडीतच नोकरी करणारी, सुट्टीला घरी आलेली.

पायथ्याच्या गावात रस्ता विचारला, तर पारावरचे आजोबा म्हणाले, काल सांगितला तोच. माणसाची गल्लत झाली असेल, म्हणून सोडून दिलं. वरच्या गावात एक बाई गाडीपाशी येऊन आपुलकीने विचारू लागल्या – काल उतरताना पाय मुरगळला होता, बरा आहे ना आता? काकूने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शनिवारी दिवसभर मी तिच्या डोळ्यांसमोर माळा साफ करत होतो.

करंजमाळला वैशालीचे वडील अंगणातच थबकले. "पाव्हणं, आज परत? काल समदं बोलणं झालंय की."

काल म्हणे मी एकटाच आलो होतो. पिठलं-भाकरी मागून खाल्ली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, वैशालीच्या आजीला हसवून बेजार केलं. मी म्हशीला घाबरतो, आणि अनोळखी माणसांत माझ्या तोंडून 'हो' आणि 'नाही'च्या पुढे काही निघत नाही. पण चहा न सांगता, मी घेतो तसा बिनसाखरेचा आला. आजीने तर माझा कान पुढे ओढून मागचा तीळ पाहिला आणि तोच आहे म्हणून निर्वाळा दिला.

"कालचा जास्त बरा होता का हो?" काकूने विचारलं.

"बोलका व्हता," वडील प्रामाणिकपणे म्हणाले.

एवढ्यात वैशाली बाहेर आली. मला ती बघताक्षणीच आवडली, आणि कालच्या त्या 'मी'चा हेवा वाटला. स्वतःचाच मत्सर वाटणं फार विचित्र असतं. धीर करून म्हणालो, "काल आलेला मी नव्हतो."

"दिसतंय ते," ती म्हणाली.

काल काय बोलणं झालं, हे विचारल्यावर ती नुसती हसली. आम्ही परतलो. सोमवारी उठलो, तर माझा उजवा पाय टम्म सुजलेला... आणि संध्याकाळी त्यांच्याकडून होकाराचा फोन.

लग्न होऊन आता दोन वर्षं झाली. मित्र म्हणतात, सारख्या चेहऱ्याचा कुणीतरी असेल. मग तीळ? आणि पाय? होकार तिने नेमका कुणाला दिला, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.