दोन मांडव आणि एक ट्रंक कॉल

मी बिनलग्नाचा का राहिलो, हे तुम्ही लोक किती वर्षं आडून आडून विचारणार? सरळ विचारा की! निम्म्या अमरावतीला वाटतं, या भांडखोर वार्ताहराला मुलगी देणार कोण? साफ खोटं. मुलगी दिली होती. मुंडावळ्याही बांधल्या होत्या. पुढचा घोळ मात्र माझा, आणि असा घोळ दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

आमचं साटंलोटं ठरलं होतं. माझी बहीण कुसुम अकोल्याच्या घरात द्यायची आणि तिच्या नवऱ्याची बहीण विमल मी करायची. कुसुमचं लग्न अमरावतीला आमच्या दारात, माझं अकोल्याला विमलच्या दारात. दिवस एक, गोरज मुहूर्तही एकच.

धास्ती एवढीच, की एक लागलं आणि दुसरं राहिलं तर? आमच्या आत्याचं तेच झालं होतं. तिचं लागलं, तिच्या भावाचं ऐन वेळी फिसकटलं. आत्यानं आयुष्यभर सासरी त्याची बोलणी खाल्ली. म्हणून अण्णाकाकांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, नियम घातला: लागतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मुहूर्ताआधी अकोल्याहून अमरावतीला ट्रंक कॉल करायचा. काका विचारणार, 'तयार?' अकोल्याकडच्यानं मांडवात जाऊन मुलीच्या वडिलांना विचारायचं, मुलीला विचारायचं आणि परत येऊन सांगायचं, 'तयार.' मग काका 'टाका' म्हणणार आणि दोन्हीकडे अक्षता पडणार. मध्येच फोन तुटला तर दोन्हीकडे गप्प बसायचं. मुहूर्त गेला तरी चालेल.

किती सोपं! पोरानंही पाळलं असतं. पण हे काम कुणाकडे आलं? माझ्याकडे. ट्रंक कॉलवर बोलायचा सराव साऱ्या वऱ्हाडात मला एकट्यालाच. मुंडावळ्या सावरत मी शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत गेलो; फोन तिथेच होता.

आता आमच्या धंद्याची एक खोड सांगतो. सभा सायंकाळी असते आणि तारघर त्याआधीच बंद होतं. मग आम्ही काय करतो? सभा 'प्रचंड उत्साहात पार पडली' अशी तार दुपारीच ठोकून मोकळे होतो. सभा होतेच हो! आजवर माझी एकही खोटी ठरली नव्हती.

बाहेर आभाळ काळवंडलेलं, फोनमध्ये नुसती खरखर. ऑपरेटरशी दोनदा भांडून झालं तेव्हा कुठे काकांचा आवाज आला. "आमी तयार हाव. तुमचं काय?"

मांडव शंभर पावलांवर. जाऊन येईपर्यंत लाइन टिकेल? म्हटलं, विचारायचं काय त्यात? मुलीचा बाप स्वतः दारात उभा राहून अत्तर लावतो आहे. मी ओरडलो, "तयार!"

"टाका मंग," काका म्हणाले, आणि लाइन गेली.

मी विजयी मुद्रेनं बाहेर पडलो आणि वावटळ आली. माझ्या डोळ्यांदेखत मांडव उचलला गेला, कापड कडुनिंबावर, बांबू विहिरीत. बुंदीत माती, गुरुजी ओसरीत, पाहुणे गोठ्यात. मुहूर्त गेला. गुरुजी म्हणाले, उद्या सकाळचा धरू.

अंधार पडता पडता फोन पुन्हा जिवंत झाला. जिनिंगचे मुनीम धावत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अमरावतीले लागलं! दाजीसायेब, पोराचं लगन झालं तुमचं."

दाजीसाहेब म्हणजे विमलचे वडील. ते खूश झाले आणि मग माझ्याकडे वळले. "आमाले न इचारता तयार कोनं म्हटलं?"

मी म्हणालो, तुम्ही तयार होताच की. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. विमल. त्या दिवसाआधी तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"बाबा, तुमी म्हटलं होतं, भावाचं जमत नाई, त्याच्यासाठी तू हो म्हन. म्हनून म्या हो म्हटलं होतं. आता त्याचं झालं ना? मंग माहं कायले?"

दाजीसाहेब तिच्यावर चिडले, मग त्यांनी समजावलं, हात जोडले. मी कायदा काढला, करार काढला, शेवटी आवाज काढला. म्हटलं, शब्द दिला होता तुम्ही!

"कोनाले देला?" ती म्हणाली. "मले इचाराले कोनी आलंच नाई."

  नियम बाकी सगळ्यांनी पाळला होता, मोडला होता मी. दाजीसाहेब खाली मान घालून म्हणाले, "पोरीले मी ओढत तं नाई नेनार पाटावर."

सकाळी मी अमरावतीची गाडी धरायला बडनेऱ्याला उतरलो, तर समोरच्या फलाटावर अकोल्याची गाडी. खिडकीत कुसुम, हिरवा चुडा भरलेली. शेजारी तिचा नवरा, दारात पोचवायला आलेले अण्णाकाका. काकांनी माझ्या मागे पाहिलं, आणखी मागे पाहिलं, आणि बाकावर जाऊन बसले.

"दादा, वहिनी कुठी हाय?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. भाषणांचे रकानेच्या रकाने लिहिणारा मी, तीन वाक्यांत आटोपलं.

तिनं आवाज चढवला नाही. "तू तयार म्हटलं म्हनून मी उभी राह्यली, दादा. आता आत्यावानी मलेच आयकाव लागीन ना?"

तिचा नवरा मध्ये पडला. घरात कुणी बोलणार नाही म्हणाला, मी पाहून घेईन म्हणाला. भला माणूस. पण घाम त्यालाही फुटला होता.

गाडीनं शिट्टी दिली. कुसुमनं डोळे पुसले. "मंग विमलले मी आता काय म्हनू?"

"ताई म्हण," मी म्हणालो. "नणंद आहे तुझी."

गाडी गेली. मी काकांशेजारी जाऊन बसलो.  ते माझ्या मुंडावळ्या सोडत म्हणाले, "त्यायले सून भेटली, पोरगीबी घरातच राह्यली. आमाले काय भेटलं?" आणि माझ्याकडे असं पाहिलं, की उत्तर मला कळलं: बिनलग्नाचा मी.