विमलवहिनींचा उजवा कान

सकाळची कामं आटोपली की विमलवहिनी नवऱ्याला शेडमध्ये आणून बसवायच्या. अंघोळ घातलेली, दाढी केलेली, अंगात धुतलेला पांढरा सदरा आणि डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं, वाचा बंद झाली होती, तरी दामूअण्णा असे दिसायचे की आत्ता उठून कुणाच्या तरी लग्नाला निघतील. पाठीला उशी, पायाखाली पाट, आणि खुर्ची बरोबर गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर. मग वहिनी गाडी चालू करायच्या आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारायच्या, "अवं, ऐकू येतंय न्हवं नीट?"

येणारा-जाणारा हे बघून हळहळायचा. बारामतीत इंदापूर रस्त्याला आमची शेडची ओळ आहे. वेल्डिंगवाला, बॅटरीवाला, गाड्यांच्या सिटा आणि कापडी हूड शिवणारा मी, आणि माझ्या पत्र्याला पत्रा लावून दामूअण्णांचं कार्बोरेटरचं दुकान. "नवरा लाकडावाणी पडलाय, पन बाईनं कसा ठेवलाय बगा," असं सगळी ओळ म्हणायची. कुणी सावित्री म्हणायचं, कुणी पाया पडायला निघायचं. वहिनी नवऱ्याच्या तोंडातून ओघळलेली लाळ पदरानं टिपायच्या आणि पाना घेऊन पुन्हा इंजिनावर वाकायच्या.

अण्णांचं नाव मोठं होतं हे कबूल केलं पाहिजे. मी त्यांना अहोजाहो करतो ते वयामुळे, गुणांमुळे नव्हे, पण कसब ते कसब. आताच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच. पेट्रोलमध्ये हवा किती मिसळायची ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. पण हौशी लोकांकडे ज्या जुन्या, दोन सिटांच्या, बसक्या स्पोर्ट्स गाड्या असतात त्यांना कार्बोरेटर असतो, तोही पुष्कळदा जोडीनं, आणि जोडीतल्या दोघांनी सारखीच हवा ओढावी लागते. ते जुळवायला अण्णांकडे हातभर रबरी नळी होती. तिचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. आतून 'सूंऽऽ' असा आवाज येतो. दोन्हीकडचा आवाज एक झाला की खालचा नट केसाकेसानं फिरवून पेट्रोल बसवायचं. एवढंच काम, पण पुण्याकोल्हापूरचे लोक त्यासाठी ट्रेलरवर गाडी घालून बारामतीला यायचे.

या सगळ्यात सुट्या भागांची धुणीपुसणी वहिनींकडे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या पेट्रोलच्या थाळीत हात घालून बसलेल्या. पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट साफ करायचा, त्यात शिरणारी सुई सरळ आहे का बघायची, पितळ चकचकीत करायचं. त्यांच्या बोटांची कातडी कायम सोललेली असायची. अण्णांनी त्यांना नळी मात्र कधी हातात धरू दिली नाही. गिऱ्हाइकासमोर हसत हसत सांगायचे, "बाईमानसाच्या कानाला कुकरची शिट्टी कळती. कारबेटर कळाया मर्दाचा कान लागतो." गिऱ्हाईकही हसायचं. वहिनी खाली मान घालून ब्रश चालवायच्या.

एकदा अण्णा लोणी देवकरच्या कारखान्यात कुणाकडे तरी गेले होते आणि पुण्याचा एक मालक गाडी न्यायला लवकर आला. गाडी अर्धवट जुळवलेली. वहिनींनी नळी कानाला लावली आणि राहिलेलं काम पुरं केलं. मालक एक चक्कर मारून आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. तेवढ्यात अण्णा पोचले. "अण्णा, आज तर गाडी नुसती गातेय हो!" असं तो बिचारा म्हणाला, आणि घोटाळा झाला. अण्णांनी कुणी हात लावला ते विचारलं. मग त्याच्याच डोळ्यांदेखत दोन्ही कार्बोरेटर उतरवले, सुटे करून जमिनीवर ओतले आणि वहिनींना म्हणाले, "येच." वहिनी वेचायला खाली बसल्या तशी त्यांनी तीच रबरी नळी वहिनींच्या डाव्या कानावर चाबकासारखी ओढली, एकदा नाही, हात दुखेपर्यंत. आम्ही तिघाचौघांनी मिळून त्यांना मागं ओढलं. वहिनींना तेव्हापासून डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. अण्णांनी रात्रीतून गाडी पुन्हा जुळवली, आणि माझ्या कानाला तरी ती वहिनींनी जुळवलेल्या गाडीपुढं फिकी वाटली.

पुढं अण्णांना झटका आला. अंथुर्ण्याच्या हणमंततात्यांची लाल गाडी तेव्हा त्यांच्या हातात होती. तात्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली, मग गोठ्यात पडून राहिलेली. तिच्या सिटेवर कोंबड्यांनी अंडी घातली होती, ती सीट फाडून नवी शिवायचं काम माझ्याकडं होतं. अण्णा त्या गाडीचा नट फिरवता फिरवताच खाली कोसळले, आणि गाडी तशीच अर्धी राहिली. महिना-दीड महिना दुकानाला कुलूप होतं. मग एक दिवस वहिनींनी पत्रा वर सरकवला, पदर खोचला आणि नळी उजव्या कानाला लावली.

गिऱ्हाइकं आधी बिचकली. मग राहिली, आणि वाढलीही. वहिनींची कामाची भाषा सगळी स्वयंपाकघरातली. पेट्रोल कमी जातंय असं वाटलं की म्हणायच्या, "हिला भूक हाय अजून." काळा धूर निघाला की, "लई खाल्लं हिनं, ढेकरा देतीया." कुणी हौशी पोरगा उगाच ॲक्सिलेटर दाबायला लागला की त्याच्यावर डाफरायच्या, "गाडी काय बैल हाय का, शेपूट पिरगाळाया?" मला त्या फार आवडायच्या. दुपारचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो, आणि त्यांच्या तोंडून अण्णांबद्दल वाकडा शब्द मी कधी ऐकला नाही.

पण मी शेजारी बसतो. सिटा शिवायला डोळे लागतात, कान मोकळे असतात. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की वहिनींच्या शेडमधली गाडी सकाळी नेहमी लंगडी चालते. धगधग करते, मधेच अडखळते, धूर ओकते. संध्याकाळी तीच गाडी लोण्यासारखी. वाटलं, दिवसभर काम करतात म्हणून सुधारत असेल. मग दिसलं की आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकाला ऐकवून पसंत केलेली गाडीसुद्धा दुसऱ्या सकाळी लंगडीच. एकदा सुईदोरा ठेवून पत्र्याच्या फटीतून बघत बसलो.

वहिनींनी अण्णांना बसवलं, टोपी सारखी केली, गाडी चालू केली. इंजिन छान लागलं होतं, त्याचा आवाज कानावर पडायच्या आत त्यांनी एका कार्बोरेटरचा नट फिरवला. गाडी खोकायला लागली. अण्णांचा धड असलेला डावा हात खुर्चीवरून उठला. बोट हवेत फिरायला लागलं, आवळ, आवळ, अशी खूण. वहिनींनी बघितलं आणि नट आणखी सैल केला. बोट जोरात फिरू लागलं, घशातून घरघर यायला लागली, डोळ्यांतून पाणी. "काय झालं? भूक लागली का?" वहिनींनी मोठ्यानं विचारलं, इतकं मोठ्यानं की रस्त्यावरच्यांना ऐकू जावं. मग डोळे पुसले, पेज भरवली, आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. दुपारी अण्णांना मागच्या गल्लीतल्या घरी नेऊन निजवल्यावर दोन मिनिटांत गाडी सरळ केली. झटका आल्यापासून त्या माणसाच्या कानावर एकही धड इंजिन पडलं नव्हतं. ज्याला आयुष्यात बायको, शेजार, देव कशाशीच देणंघेणं नव्हतं, फक्त तो एक आवाज हवा असायचा, त्याला रोज पांढरी टोपी घालून हे ऐकवलं जात होतं.

मी फटीपासून डोळा काढला. आणि खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

तरी एक दिवस चहाच्या वेळी मी विषय काढलाच. म्हणालो, "वहिनी, झालं ते लई झालं. येकदा तरी धड गाडी ऐकू द्या की त्यांना."

वहिनी दचकल्या नाहीत. बशीतला चहा फुंकून प्यायल्या. "भाऊजी, त्येंनी मला सारा जल्म ऐकवलं. मी तर नुसतं इंजन ऐकवते."

"पन किती दिस?"

"त्येंना कळंपत्तुर."

"काय कळायचं राहिलंय आता?"

तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "की मला बी येतंय. येवढंच. बराबर हाय, असं येकदा म्हनले आसते तर माजं काय म्हननं न्हवतं. आता तर त्वांडच गेलं त्यांचं. मान हलवली तरी चालंल मला. पन ती बी हलवायची न्हाईत, मला ठावं हाय, म्हनून मी धड आवाज कानावर पडूच देत न्हाय." बाईला सूड हवा होता असं मी समजत होतो. तिला शाबासकी हवी होती, आणि ती मागायची भीती वाटत होती म्हणून ती रोज सूड घेत होती. दोन्हींतलं जास्त वाईट काय ते मला आजही सांगता येत नाही.

यंदा अण्णांनी खाणं सोडलं. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. हणमंततात्या भेटायला आले, खाटेशी बसले आणि जाताना वहिनींना म्हणाले, "विमल, माजी लाल गाडी त्याच्या हातची अर्धी ऱ्हायलीया. तेवढी पुरी कर आन त्येला आईकव. जीव आडकलाय त्याचा तिच्यात."  दुसऱ्या दिवशी दुकानात दुसरं काम घेतलं नाही. त्यांनी लाल गाडीचे दोन्ही कार्बोरेटर पुन्हा उतरवले, नव्या सुया बसवल्या, झडपांचे दांडे घासून बसवले. इतकं जीव ओतून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मीही सिटा बसवून दिल्या.

अण्णांना खाटेसकट शेडमध्ये आणलं. तात्या होते, मी होतो, ओळीतले चारदोन जण. वहिनींनी आज हात धुतले होते, चांगलं लुगडं नेसल्या होत्या. किल्ली फिरवली आणि गाडी लागली. काय सांगू! मडगार्डवर तात्यांनी चहाचा पेला ठेवला होता, त्यातला चहा हललासुद्धा नाही. वेल्डिंगवाल्यानं आपलं काम थांबवलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते म्हणाले, "आरं, बापाच्या टायमाला बी अशी न्हवती." वहिनींनी नळीचं एक टोक कार्बोरेटरशी धरलं आणि दुसरं अलगद अण्णांच्या कानात ठेवलं. मग दुसऱ्या कार्बोरेटरशी.  "अवं," त्या हळूच म्हणाल्या, "बराबर हाय न्हवं?"

अण्णा ऐकत होते. नीट ऐकत होते, त्यांची नजर इंजिनावर खिळली होती आणि कपाळावरची आठी मिटली होती. मला वाटलं, संपलं एकदाचं, हलवली यांनी मान. तेवढ्यात त्यांनी वहिनींकडं बघितलं. डावा हात सावकाश वर आला आणि बोट फिरलं. सैल कर. जरासं सैल कर.

मी त्यांचा चेहरा बघत होतो. लकव्यातून वाचलेला अर्धा ओठ हसत होता. सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता; त्या माणसाला सगळं कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच बोट फिरलं होतं. मी ओरडलो, "अण्णा, लाज वाटू द्या!" पण वहिनी माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्या बोटावर होती.

त्याच आठवड्यात अण्णा गेले. तिसऱ्याला, दहाव्याला सगळी ओळ वहिनींच्या सेवेचं कौतुक करत होती. मी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारा खोटं बोलला, हसत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "मरताना मानूस खोटं कशाला बोलंल, भाऊजी? त्येंनी कायतरी ऐकलं आसंल. माजा येकच कान हाय."

तात्यांनी लाल गाडी वालचंदनगरपर्यंत पळवून आणली, काही दोष नाही. वहिनींनी ती परत बोलावली, पुन्हा उघडली. मग आणखी एकदा. शेवटी तात्यांनी सांगितलं की गाडी आता यायची नाही. बाकीच्या मालकांचंही तेच व्हायला लागलंय. गाडी तयार असते, वहिनी देत नाहीत. पुण्याचे दोघे-तिघे चिडून गाड्या परत घेऊन गेले. शेडमध्ये सध्या एक निळी गाडी उभी आहे, तिचा मालक रोज फोन करतो.

आता सकाळ-संध्याकाळ त्या मला हाक मारतात. मी सुई खोचून ठेवतो आणि जातो. नळी माझ्या कानाला लावतात, आधी इकडं, मग तिकडं. दोन्हीकडं एकसारखा सूं. मी म्हणतो, "वहिनी, बराबर हाय."

"तुमी शिटा शिवनार," त्या म्हणतात, "तुमाला काय कळतंय त्यातलं?"

मग पाना उचलतात आणि नट अण्णांनी दाखवला होता त्या बाजूला जरासा फिरवतात. इंजिन लगेच अडखळतं, काळा धूर टाकतं. वहिनी उजवा कान त्याच्याजवळ नेऊन ते धगधगणं कितीतरी वेळ ऐकत राहतात, आणि मला विचारतात, "आता?"