खण नेसलेल्या बाटल्या

एसटीचा कंडक्टर घंटी मारायला लागला तरी आबा त्याला सोडेनात. पोरीला पुढे बसवा, शेजारी बाईमाणूस बघा, वडखळला गाडी थांबली की एकटी उतरू देऊ नका, एक ना दोन. मी खिडकीत लाजेने मेले होते. आई खालून माझा हात धरून उभी होती आणि एकच गोष्ट घोकत होती, "गणपतीला सुट्टी नाय मिळाली तर राहू दे गो बाय, पण शिमग्याला ये. पालखी दारात येते तेव्हा घरातलं माणूस घरात पायजे." गाडी हलली. आबा धुरळ्यात थोडे चालत आले आणि मग थांबले. चिपळूणच्या पुढची आमची वाडी मी अशी सोडली.

तुमच्यापैकी जे वाडीत राहिले त्यांना आणि जे माझ्यासारखे मीरा रोड, भाईंदर, नालासोपाऱ्याला पांगले त्यांना, दोघांनाही मी हे लिहितेय. आमच्या दारात पालखी यायची का थांबली याच्या बऱ्याच गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मी दारूचा गुत्ता चालवते, मी देवीची विटंबना केली, मी धर्म बदलला. आजवर मी गप्प बसले कारण आई म्हणायची, कशाला तोंडाला लागतेस. आता नाही गप्प बसवत. जे झालं ते माझ्या घरात झालं, तर सांगायचा हक्कही पहिला माझा.

भाईंदर पूर्वेला आधी मी मामाकडे राहिले, लग्न झाल्यावर केबिन रोडला आमची स्वतःची जागा झाली. तिसरा माळा, एक खोली, स्वयंपाकघर आणि दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी गॅलरी. मी अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना वाढायचं काम करायचे. दोन हजार सहा साल असेल. नाशिककडच्या वाइन तेव्हा नुकत्याच जोरात आल्या होत्या आणि हॉटेलला कुणीतरी वाइनची माहिती असलेलं माणूस हवं होतं. परीक्षा घेणार होते. बाटलीचं नाव झाकून ग्लासात घोटभर ओततात. तुम्ही रंग बघायचा, वास घ्यायचा, तोंडात घोळवायची, थुंकून टाकायची आणि सांगायचं, द्राक्ष कुठलं, साधारण किती जुनी. आमचा मॅनेजर मला म्हणाला होता की लग्न झालेल्या बाईने या भानगडीत पडू नये. झालं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आता तर देणारच.

सराव कुठे करायचा? हॉटेलात शक्य नव्हतं. मग मी, हॉटेलात माझ्याबरोबर असलेला उत्तनचा मेल्विन आणि तिथलेच आणखी दोघं, अशा चौघांनी ठरवलं की रविवारी दुपारी माझ्याकडे बसायचं. माझा नवरा दिलीप ओतणार, कारण कुठल्या नंबरला काय आहे हे फक्त त्यालाच माहीत असणार. त्या दिवशी सकाळपासून मी घरात फोडणी घातली नाही. उदबत्ती नाही, पावडर नाही, खालच्या वडापावचा वास येऊ नये म्हणून खिडक्या बंद. समोरच्या नीताबेन दार उघडून विचारून गेल्या, "आज खाना नहीं बनाया क्या? तबियत ठीक है ना?"

आता बाटल्या झाकायच्या कशाने? पेपर गुंडाळला तर फ्रीजमधल्या बाटल्यांना पाणी सुटून तो फाटला आणि हाताला शाई लागली. दिलीप म्हणाला, माझे मोजे घे. म्हटलं, तुझ्या मोज्यांचा वास आला तर आम्हाला एक द्राक्ष ओळखता येणार नाही. शेवटी मी कपाट उघडलं. तुमच्याही कपाटात असतील तसे खण होते, ढीगभर. कुणाच्या वास्तुशांतीत आलेला, कुणाच्या हळदीकुंकवात आलेला. शिवत कुणी नाही. ह्या बाईने तिला दिला, तिने तो तिसरीला दिला, आणि वर्षाने फिरून परत आपल्याकडे. सहा खण काढले, सहा बाटल्यांना गुंडाळले, गळ्याशी रबरबँड लावलं. नंबर लिहायला मेल्विनने लाल गोल स्टिकर आणले होते, ते पुढे चिकटवले. टेबल आमच्याकडे नव्हतं, म्हणून बाटल्या पाटावर मांडल्या आणि आम्ही समोर चटईवर बसलो. दोन वाइनच्या मध्ये जिभेवरची आधीची चव जावी म्हणून ताटलीत नुसते कुरमुरे आणि तांब्यात पाणी. थुंकायला स्टीलची बादली, ती मेल्विनच्या मागे.

तिसरी बाटली चालू असताना बेल वाजली आणि मीरा रोडच्या पेणकरपाड्यात राहणारे वसंतकाका आत आले. आमच्या भावकीतले, आबांचे चुलतभाऊ, वाडीच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी. सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला आले होते. दिलीपने दार उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत काकांनी उंबऱ्यावर चपला काढल्या, पाटाकडे बघून दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. बंद खिडक्या, सगळे गप्प चटईवर बसलेले, पाटावर हिरवे-लाल खण नेसून, कपाळाला लाल टिकली लावून सहा जणी उभ्या. मला काय होतंय ते कळेपर्यंत काकांनी वाकून ताटलीतले कुरमुरे घेतले, कपाळाला लावले आणि तोंडात टाकले. मग विचारलं, "कसली पूजा गो?"

नेमकं तेव्हाच मेल्विनला तोंडातला घोट आवरेना. तो वळला आणि बादलीत थुंकला. आणि मग हसला. अगदी पोट धरून हसला. मी त्याला तिथेच झापलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी काकांना खरं सांगितलं. म्हटलं, काका, वाइन आहे, परीक्षेचा अभ्यास चाललाय, बसा, चहा टाकते. काकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. चपला हातात घेऊनच ते जिना उतरले.

मी आजही सांगते, हात जोडले याची लाज वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं. खण दिसला की आपले हात जुळतात, माझेही जुळले असते. घरी जाऊन काकीला सांगितलं असतं तर दोघं हसून हसून लोळली असती. पण सेक्रेटरीसाहेबांनी बाटलीला नमस्कार केला हे कुणाला कळता कामा नये. म्हणून मी कुणाला काही सांगायच्या आधी ते मलाच बदनाम करून मोकळे झाले. मंडळाच्या सभेत उभं राहून म्हणाले की हिने देवीच्या ओटीचे खण दारूच्या बाटल्यांना नेसवले, त्यांची पूजा मांडली, परक्या पुरुषांत बसून पिते आणि देवीसमोर थुंकते. स्वतः कुरमुरे खाल्ले ते तेवढं गिळून टाकलं.

आणि कोण बोलतंय दारूबद्दल! शाळेमागे संध्याकाळी कोण बसतं ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वाडीच्या राखणदार देवाला अवसेला बाटली लागते. ती गावठी असते, ती नारळाबरोबर ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि उरलेली कोण संपवतं? गणपतीला मंडळाची गाडी सुटते तेव्हा मागच्या सीटवर काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे कुणाचा धर्म बुडत नाही. मी तर थुंकत होते हो. थुंकणारीला दारुडी ठरवलं आणि गिळणारे निवाडा करायला बसले.

परीक्षा मी पास झाले. मॅनेजरने सगळ्यांसमोर हातात हात दिला. ही बातमी सांगायला वाडीत फोन केला तर आई रडत होती. गावकी देवळात बसली होती आणि आबांना बोलावणं आलं होतं. मी येऊन देवीपुढे नारळ ठेवावा, चुकले म्हणावं, नाहीतर शिमग्याला पालखी आमच्या दारात चढणार नाही आणि आबांना खांदाही देता येणार नाही. आबांनी विचारलं, पोरीला कुणी काही विचारलंत का? विचारायचं काय, सेक्रेटरी खोटं बोलतोय का, असं त्यांना सुनावलं. ज्या आबांनी उभं आयुष्य पालखीला खांदा दिला, ज्यांचे पाय शिमग्याच्या होमाभोवती नाचून भाजले, त्या माणसाला देवळाच्या पायरीखाली उभं करून सुनावलं.

त्या शिमग्याला मी गेले. नारळ ठेवायला नाही, आईला शब्द दिला होता म्हणून. अंगण सारवलं होतं, रांगोळी होती, आई ओटीचं ताट घेऊन उभी होती. तिला वाटत होतं, देवी दारापर्यंत आली की माणसांचं काही चालायचं नाही. ढोल जवळ आले. शेजारच्यांच्या अंगणातल्या खळ्यात पालखी नाचली, बायकांनी ओट्या भरल्या. मग पालखी आमच्या कुंपणाच्या बेड्याशी, फाटकाशी आली आणि तशीच पुढे गेली. खांदा देणाऱ्यांत माझ्याबरोबर शाळेत असलेली पोरं होती. एकानेही मान वर केली नाही. आई ताट धरून तशीच उभी राहिली, हात भरून आले तरी खाली ठेवीना. शेवटी मी ते तिच्या हातून काढून घेतलं. त्या क्षणी जी आग माझ्या अंगात लागली ती अजून विझलेली नाही, आणि विझावी अशी माझी इच्छाही नाही.

पुढच्या वर्षी गावकी नरमली. नरमली म्हणजे काय, तर फार शहाणपणाचा तोडगा काढला. नारळ नको, माफी नको. पोरीने शिमग्याला वाडीत पाऊल टाकू नये, एवढंच. म्हातारा-म्हातारीच्या दारात पालखी येईल, खांद्याचा मानही परत मिळेल. निरोप आणला वसंतकाकांनीच, आणि वर मला फोन करून सांगितलं की तुझ्यासाठी किती शब्द टाकला.

रात्रभर विचार करून मी सकाळी आबांना फोन लावला. म्हटलं, आबा, हो म्हणा. मी नाही येत. आईला एवढं एक सुख आहे, ते माझ्यापायी जायला नको. मला सुट्टी मिळाली नाही असं समजा. आबा म्हणाले, "बरं, बगतो." आणि फोन ठेवला. मी समजले की त्यांनी मानलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं नाही. दिवसभर हॉटेलात माझं नाक काही म्हणजे काही ओळखत नव्हतं.

पालखी आमच्याकडे यायची त्या सकाळी मी मुद्दाम घरात काम काढून बसले होते. बेल वाजली. दारात आबा आणि आई, दोघांच्या हातात पिशव्या, रात्रभरच्या एसटीने चेहरे सुकलेले. आई आत येऊन खाली बसली आणि पाय चोळायला लागली. मी ओरडलेच, आज कसे आलात, आज तिकडे पालखी! आबा म्हणाले, "घराला कुलूप लावलंय. पोरीला वगळून येणारी पालखी मला नको, असं देवळात सांगून आलो." एवढंच. जसं काही दूध आणायचं राहिलं म्हणून सांगावं, तसं.

मी आईकडे पाहिलं. मला भीती होती ती तिची. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बगतेस? कुलूप मीच लावलं."

चहा झाला. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. खाली केबिन रोडवर भाजीवाले, रिक्षा, रविवारची खरेदी. पण ते बघत नव्हते. मधूनच म्हणत, आता पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठली असेल. आता वरच्या आळीत. आता शेजारच्या खळ्यात नाचवतील. मी आणि आई मागे उभ्या होतो, आई गालावरून पदर फिरवत होती. दिलीपने टीव्ही बंद केला. त्यानंतरचं घर आमचं. आबा उठले, खोलीतून चालत गेले आणि त्यांनी आमचं बाहेरचं दार सताड उघडलं. हलू नये म्हणून खाली पायपुसणं सरकवलं आणि आत येऊन भिंतीशी बसले.

समोरच्या नीताबेन कचरा ठेवायला बाहेर आल्या होत्या. उघडं दार बघून म्हणाल्या, "कोई आनेवाला है क्या, अंकल?"

आबांचं हिंदी तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "नाय. जिसको आनेका था, वो सब आ गया."