दिवस कुठून मोजले?

ऑफिसात तिला किडनीबाई म्हणत. शेजारच्या टेबलावर हृदयवाले काका.

उंदराच्या पिल्लाचे अवयव आईच्या पोटात कसे घडतात, याचा एक मोठा संग्रह हे ऑफिस इंटरनेटवर सांभाळी. कोणतं जनुक कितव्या दिवशी, कुठल्या भागात जागं होतं, ते कुणीही पाहावं. किडनीबाईकडे मूत्रपिंडाच्या पातळ कापांचे फोटो येत. जनुक जागं असेल तिथे जांभळा रंग. ती कोपरान्‌कोपरा निरखून नोंद करी: ठळक, फिकट, नाही, किंवा 'पाहिलं नाही'. शेवटच्या दोहोंत गल्लत केलेली तिला खपत नसे. घरीसुद्धा.

"माझे मोजे नाहीत!" नवरा ओरडे.

"नाहीत, की पाहिले नाहीत?"

नवरा मुकाट्याने पलंगाखाली वाके.

एका सोमवारी बड्या प्राध्यापकांचं पत्र आलं. चौदाव्या दिवशी मूत्रवाहिनीत अमुक जनुक जागं असतं, ही तुमची नोंद धादांत खोटी. आमच्या चौदाव्या दिवसाच्या पिल्लांत रंगाचा ठिपकाही नाही. काढून टाका.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "बाई, शुक्रवारपर्यंत निकाल लावा. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्यासमोरच आहे."

तिने आपला फोटो चाळीसदा पाहिला. रंग होता. त्यांनी पाठवलेला पाहिला. नव्हता.

"एक ओळ काढली तर काय बिघडतंय?" काका म्हणाले. "माझ्या हृदयात अशा छप्पन्न ओळी आहेत."

"तुमच्या हृदयाचं तुम्ही बघा."

गुरुवारी जेवताना तिने सासूबाईंपुढे सगळं ओकलं. सासूबाईंनी तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स म्हणून काढलेली.

"दिवस कुठून मोजले?" त्या घास चावत म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, तारखेचा घोळ झाला की पहिलं तेच विचारायचं. बाई एकीकडून मोजते, डॉक्टर दुसरीकडून."

किडनीबाईचा हात ताटातच थांबला. उंदरांत नर-मादीचं जमल्याची खूण दुसऱ्या सकाळी दिसते. तिच्याकडे तो दिवस शून्य. प्राध्यापकांकडे?

शुक्रवारी सकाळी विचारलं. त्यांच्याकडे तो पहिला. म्हणजे त्यांचा चौदावा तो हिचा तेरावा. त्यांची पिल्लं एका दिवसाने लहान होती. जनुक अजून झोपलेलंच होतं.

दुपारी प्राध्यापकांनी चार शब्दांत माफी मागितली. नोंद राहिली. साहेबांनी सही केली.

"एवढे शिकलेले आम्ही," ती घरी येऊन म्हणाली, "पण हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं."

सासूबाईंनी चष्मा वर केला.

"नव्हतं, की पाहिलं नव्हतं?"

नवऱ्याला पाणी पिताना ठसका लागला. ठळक.