एका चुलीची माणसं

१९५९ साली राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, आणि मला राहायला खोली मिळेना. आमच्या घराने छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती, हे गावाला माझ्या आधीच कळलं होतं. तोंडावर कोणी नाही म्हणत नसे. कोणाच्या खोलीत कापूस भरलेला असायचा, कोणाची लेक बाळंतपणाला यायची असायची. बौद्ध वस्तीतले लोक आनंदाने "या" म्हणत होते, पण तिथे एकेका खोलीत दोन पिढ्या राहत होत्या. मी गेलो असतो तर त्यांच्यापैकी कोणाला तरी बाहेर अंगणात झोपावं लागलं असतं. म्हणून सुरुवातीला मी शाळेतच पथारी टाकली.

एका दुपारी गावाच्या कडेला, नाल्याजवळ राहणारी एक कुणबी विधवा शाळेत आली. पन्नाशीची, उंच, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. दारातूनच म्हणाली, "मास्तर, शाळेत झोपतं म्हनते तू. माह्या घरची बाजूची खोली रिकामी हाय. येतं का?"

मी कोण आहे ते मी तिला सांगून टाकलं. नंतर कळून कटकट नको.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "खोली गळते. छपराचे कवेलू तेवढे तूच चाळून घे."

मी तिला मावशी म्हणू लागलो. मावशीच्या घरात आणखी एक बाई होती, तिच्याच वयाची, काळी, ठेंगणी, कामाला अतिशय चपळ. ती कोलाम होती, झरीकडच्या जंगलातल्या पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. गाव तिला नुसतं 'कोलामीण' म्हणे. मी माय म्हणायचो.

ती या घरात कशी आली, ते मला हळूहळू कळलं. खूप वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर कापूस वेचायला या गावात आली होती. इथेच तापाने तिचा नवरा गेला. टोळीतली माणसं पुढच्या गावाला निघाली, पण तिला उभं राहण्याचीही ताकद नव्हती. मावशीचा नवरा त्याच्या आदल्या साली वारला होता, पोटी मूल नव्हतं. तिने या बाईला गोठ्यात जागा दिली. पावसाळ्यात गोठ्यात पाणी शिरलं, तशी ती ओसरीवर आली. मग एका साली मावशी मुदतीच्या तापाने पडली. दिराच्या घरून कोणी फिरकलं नाही. त्या दिवसांत चूल पेटवली, पेज पाजली, अंग पुसलं, ते सगळं या बाईने. मावशी उठून बसली तेव्हा स्वयंपाकघर या बाईच्या हाती आलेलं होतं, आणि भांडी पुन्हा वेगळी करायचं दोघींपैकी कोणालाच सुचलं नाही. त्यानंतर दिराच्या घरच्यांनी मावशीकडे पाणी पिणं सोडलं.

मी आलो तेव्हा माझी चूल वेगळी होती. भाकरी मला थापता येत नसे, कण्या शिजवून खायचो. पहिल्याच पावसाळ्यात लाकडं ओली झाली आणि माझ्या खोलीत धूर मावेना. माय दारात येऊन उभी राहिली.

"दोन चुलीले लाकडं कोन आनते? मीच ना? तिकडं येऊन जेवत जा."

मी मावशीकडे पाहिलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कायले पाह्यतं? चूल तिचीच हाय."

असा मी त्या घरात जेवू लागलो. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, कधी वरण. दोघी सारख्या कुरकुरत. मावशीचं म्हणणं, मायच्या भाजीत मीठ जास्त असतं; मायचं म्हणणं, बाई म्हातारी झाली, तिची जीभ गेली. आठवड्याच्या बाजाराला दोघी बरोबर जात. येताना ओझं कोणी घ्यायचं यावरून भांडत भांडत येत, आणि शेवटी ते माझ्या डोक्यावर यायचं.

एकसष्टच्या फेब्रुवारीत शिरगणती आली. गावातली मोजणी माझ्याकडे होती. आधीच घराघरांच्या भिंतींवर गेरूने नंबर पडले होते. शाळा सुटली की मी पिशवी घेऊन निघायचो. त्या दिवसांत मला ते गाव पहिल्यांदा पूर्ण दिसलं. कुणब्यांच्या मोठ्या घरांत कर्ता पुरुष आपल्या नातवंडांची नावं सांगताना अडखळायचा आणि आतून सुना दुरुस्ती करायच्या. तांड्यावर बंजारा बाया माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि आपसांत गोरबोलीत माझी थट्टा करायच्या. पिंजाऱ्याच्या घरी मातृभाषा विचारली तर म्हातारा म्हणाला, "घर में एक, बाजार में दुसरी, जो चाहे लिखो." मी उर्दू लिहिलं. आमच्या वस्तीत धर्माचा रकाना आला की घरातली सगळी माणसं सरळ बसायची. एका म्हातारीने मला लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. "बौद्ध" हा शब्द ऐकला आणि सुनेला म्हणाली, "घे, चहा ठेव मास्तरले."

आम्हाला शिकवलेला नियम सोपा होता. एका चुलीवर जेवणारी माणसं, ते एक कुटुंब. बाप-लेक एका छपराखाली राहूनही चुली वेगळ्या असतील तर दोन कुटुंबं. हा नियम मी गावभर लावला आणि कुठे अडलो नाही. आमचं घर मी शेवटी घेतलं. नियमाने आम्ही तिघं एक कुटुंब होतो. कुटुंबप्रमुख मावशी. पुढे प्रत्येकाचं प्रमुखाशी नातं लिहायचं होतं.

"मायचं काय लिहू?" मी विचारलं.

"बहीन लिही," मावशी म्हणाली.

"आणि माझं?"

ती जराशी हसली. "तुले मावशी म्हनाले लाज नाई, मंग लिहाले काहून? बहिनीचं लेकरू लिही."

माय ओसरीवर कुंचा बांधत होती. तिने फक्त विचारलं, "माह्यं नाव आलं ना त्यात?"

"आलं."

"मंग झालं," ती म्हणाली आणि कुंच्याची गाठ आवळली.

कागद तपासायला तालुक्याहून एक तपासनीस आले. भला माणूस होता, घामाघूम होऊन सायकलवरून आला होता. मावशीनेच त्यांना पाणी दिलं. आमच्या घराचे कागद पाहून ते थांबले. "मास्तर, एक बहीण कुणबी, दुसरी कोलाम आणि भाचा बौद्ध? वरचे मला काय म्हणतील?" मी चुलीचा नियम सांगितला. ते म्हणाले, "कुटुंब एक असू द्या. नातं तसं लिहिता येत नाही. या कोलाम बाईपुढे नोकर लिहा, तुमच्यापुढे भाडेकरू."

मावशी दारात उभी होती. "साहेब," ती म्हणाली, "तिले मी कधी पगार देल्ला नाई. नोकर कशी होते ती?"

"बाई, रक्ताचं नातं नाही ना?"

"नाई."

"मग मी तरी काय करू?"

शेवटी त्यांनी दोघांच्याही पुढे 'नाते नाही' असं लिहून घेतलं. त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं, हे मला तेव्हाही पटलं होतं. ते गेल्यावर मावशी म्हणाली, "तिले सांगू नको." आणि त्या दिवशी संध्याकाळी जेवताना तिने मीठ जास्त असल्याची तक्रार केली नाही.

त्यानंतर मावशी अधूनमधून बोलू लागली की घर मायच्या नावावर करून द्यायचं. शेत दिराच्या मुलाकडे जाईल ते जाऊ दे, पण घर नाही. "तूर घरात आली का राळेगावले जाऊ, लिहून घेऊ." तूर घरात आली की कापसाचं काम निघे, कापूस संपला की लग्नसराई. आम्ही तिघंही कुठे घाईत होतो? मावशी धडधाकट होती. नाल्यावरून धुणं डोक्यावर घेऊन येत होती.

त्रेसष्टला माझी बदली यवतमाळला झाली. निघताना मायने मला चारोळ्यांची पुरचुंडी दिली आणि मावशीने नवं घोंगडं. वर्षभरात माझं लग्न झालं. गावाकडून आई येऊन आमच्याजवळ राहू लागली. लग्नाआधी आणि नंतर मिळून दोनदा मी त्या गावाला जाऊन आलो. बायकोला घेऊन गेलो तेव्हा मावशीने तिची खणानारळाने ओटी भरली, आणि मायने भाकरी थापायला तिला शेजारी बसवून घेतलं.

मावशी गेल्याचं मला जिनिंगच्या आवारात कळलं. मी काही कामाने तिकडे गेलो होतो. कापसाच्या बैलबंड्या लागल्या होत्या. त्यांतला एक शेतकरी त्याच गावचा, माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप. म्हणाला, "गुरुजी, तुमची मावशी तं पोळ्याच्या आंधीच गेली. तुमाले कोनी सांगतलं नाई?" छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेली, एवढंच त्याला माहीत होतं. मी मायचं विचारलं. तो बैलाच्या शिंगावर हात फिरवत राहिला. "ते तं गेली आपल्या लोकाइकडं."

पुढच्या रविवारी मी गावात गेलो. घराला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर मधल्या घरात छतापर्यंत कापूस. दिराचा मुलगा मला भेटला, माझ्याशी नीट बोलला, चहाही विचारला.

"मी तिले हाकललं नाई, गुरुजी," तो म्हणाला. "गोठ्यात राहा म्हनलं होतं. काम कर, जेवन देतो म्हनलं होतं. तिनंच आयकलं नाई."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने त्याने तिची सोयच केली होती. ज्या गोठ्यातून ती इतक्या वर्षांपूर्वी निघाली होती, तिथेच तो तिला परत पाठवत होता, हे त्याला कोणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं. मी चहा न घेता निघालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घेऊन या त्यांना." तिने आतल्या खोलीत आईच्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकली. आई म्हणाली, "आन तिले. बोलाले मानूस भेटन मले."

झरीकडे जायला तेव्हा बस जिथपर्यंत जाई तिथून पुढे बरंच चालावं लागे. पळस फुलला होता. पोडावर विचारत गेलो. मायच्या भावाच्या मुलाच्या झोपडीमागे एक लहानसं खोपट होतं, तिथे माय बांबूच्या कामट्या काढत बसली होती. खूप वाळली होती. मला पाहून उठली, हात धुतले, आणि पहिला प्रश्न, "जेवला का तू?"

बाजूला तीन दगडांची चूल होती. तिने त्यावर भाकर केली. मी जेवत असताना ती मावशीबद्दल बोलली. "बाई सकाळी म्हने, आज भाजीत मीठ बराबर हाय. मी म्हनलं, आज काय झालं हिले. दुपारून गेली."

जेवण झाल्यावर मी विषय काढला. घरी सगळे वाट बघत आहेत, खाट टाकून ठेवली आहे, सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"तुह्या घरी मी कोन?" तिने विचारलं.

"माय," मी म्हणालो.

"तुही माय तं हाय घरी."

"मग दोन होतील."

ती हसली. मग कामटी पुन्हा हातात घेतली. "तुही बायको चांगली हाय. पन आल्यागेल्याले सांगा लागन, हे कोन हाय, कुठची हाय, काहून आनली. बाईच्या घरी मी कोन हाय, ते आमाले कधी बोला लागलं नाई. लोकं बोलत, आमी नाई. आता नव्यानं कोनाची कोन होऊ, मास्तर?"

मी खूप समजावलं. इथे तुझी चूलसुद्धा वेगळी आहे, म्हणालो. ती म्हणाली, "हो, हाय." तिला ते मान्य होतं आणि तरीही ती येणार नव्हती.

निघताना ती पोडाच्या टोकापर्यंत आली. मी खिशातले पैसे तिच्या हातात ठेवले, तिने नको म्हटलं नाही. पुढच्या वर्षी सुट्टीत परत येतो, म्हणालो. "ये," ती म्हणाली. मी गेलोही. तेव्हा खोपट पडलेलं होतं, आणि भावाच्या मुलाने मला टेकडीच्या पायथ्याशी नेऊन दगडांची एक रास दाखवली.

त्या खेपेला यवतमाळला परतलो तेव्हा आई ओसरीवर बसली होती. तिने सरकून मला बसायला जागा केली. आतल्या खोलीतली दुसरी खाट मात्र आम्ही त्यानंतर बरेच दिवस कोणी हलवली नाही. मग आमची मुलगी मोठी झाली आणि त्या खाटेवर झोपू लागली.