शेवटच्या फेरीची वाट

जुन्या पॅसेंजर गाड्यांचं वेड असलेल्या माणसाने सोमवारी ऑफिसात तोंड मिटून बसावं हे बरं. सुट्टीत काय केलं असं कुणी विचारलं की मी खरं सांगून टाकतो. यशवंतपूरहून पॅसेंजर पकडली, अडीच तास गेलो, फलाटावर इडली खाल्ली आणि तीच गाडी उलटी फिरली तेव्हा तिच्यातूनच परत आलो. तिकडे काही काम होतं का, असं मग विचारतात. काम काय असणार? बायकोचं म्हणणं, लोकांचे नवरे दारूने जातात, माझा गाडीने गेला.

त्या निळ्या डब्यांत मला काय दिसायचं ते धड सांगता येत नाही. खिडकीचं जड लोखंडी शटर, ते वर करताना चिमटलेलं बोट, सुटताना एकेका डब्याला बसत मागेपर्यंत जाणारा धक्का. नव्या गाड्या सुटल्याचं कळतसुद्धा नाही. सगळ्यात आवडायचं ते हे की पॅसेंजर कुणाला कमी लेखत नसे. चार माणसं उभी असोत की एक म्हातारी आणि तिची टोपली, थांबायची म्हणजे थांबायची.

आम्हा वेड्यांची एक रीत आहे. एखादी गाडी कायमची बंद होणार असं कळलं की तिच्या शेवटच्या फेरीला जायचंच. इंजिनाला झेंडूचे हार घालतात, नारळ फुटतो, ड्रायव्हरबरोबर फोटो निघतात, आणि ते तिकीट आयुष्यभर जपलं जातं. त्या तिकिटापुढे रोजच्या फेऱ्यांची तिकिटं म्हणजे रद्दी. माझ्याकडे अशी पाच होती आणि मी ती आल्यागेल्याला दाखवायचो.

आईला आम्ही भावंडं अक्का म्हणतो. मामा म्हणायचे, तेच आमच्या तोंडी बसलं. तिचे वडील रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे, होते. बेळगावकडून बदली होऊन ते याच मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात आले आणि अक्काचं बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. हे मला माहीत होतं, पण त्या स्टेशनावरून पन्नासदा जाऊनही मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. मला डब्यांचे नंबर पाठ, आईचं बालपण नाही.

एका संध्याकाळी मी तिला मोबाइलवर माझा व्हिडिओ दाखवत होतो. खरं तर इंजिनाचा भोंगा ऐकवायचा होता. तिने माझा हात धरला आणि मागे घे म्हणाली. फलाटावरच्या छपराच्या तुळईला रुळाचा एक तुकडा टांगलेला दिसत होता. गाडी येण्याआधी तो लोखंडाने ठणठण वाजवायचा, म्हणजे लोक सावध व्हायचे. संध्याकाळच्या पॅसेंजरला तो वाजवायचं काम अक्काचं होतं. वडील उचलून धरायचे आणि ती दोन्ही हातांनी ठोकायची.

"अजून हाय की रे तो," ती म्हणाली. "एकदा वाजवून येऊया. या रविवारीच जाऊया की."

मला भरून आलं आणि त्याच क्षणी माझ्यातला वेडा जागा झाला. ती गाडी लवकरच बंद होणार अशी आमच्या मंडळींत कुजबुज होती. मी अक्काला म्हटलं, आताच नको, शेवटच्या फेरीला जाऊ. हार घातलेली गाडी फलाटात येतेय आणि माझी आई रूळ वाजवतेय, असा व्हिडिओ साऱ्या देशात कुणाकडे नसेल. ती म्हणाली, व्हिडिओ कशाला पाहिजे. मी हसण्यावारी नेलं.

त्यानंतर तिने दोनदा विचारलं. एकदा दसऱ्याला आणि एकदा गुडघ्याचं इंजेक्शन घेऊन आल्यावर. दोन्ही वेळा मी तारीख कळायचीय म्हणालो. "सरी, बरं, तू म्हणशील तवा," एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. परत विचारलं नाही. मला वाटलं, तिला पटलं.

मग साथ आली आणि देशभरच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. सगळं पूर्ववत होईल तेव्हा जाऊ असं मी स्वतःला सांगत राहिलो. पुढे गाड्या एकेक करून सुरू झाल्या, ही झालीच नाही. तिच्या जागी नवी, वेगाने जाणारी, मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी गाडी आली. म्हणजे शेवटची फेरी केव्हाच होऊन गेली होती, आणि ती शेवटची आहे हे तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. कुणी एक झेंडूचं फूलही वाहिलं नाही. मी त्या दिवशी घरात गिझरशी झटापट करत होतो.

अक्काला म्हटलं, कारने नेतो. ती म्हणाली, स्टेशनात रस्त्याने कोण जातं? तरी मी एकटा जाऊन पाहून आलो. स्टेशन बंद झालं होतं. क्वार्टर पाडलेलं, फलाटावर कमरेएवढं गवत. छपराच्या तुळईला आकडा तेवढा होता, रूळ कुणी तरी उतरवून नेला होता. घरी येऊन मी काहीच बोललो नाही. भित्रा माणूस वेळ मारून नेतो, तशी मी नेली.

गेल्या हिवाळ्यात तिची तब्येत उतरायला लागली आणि ती स्वतःहून म्हणाली, आता ने. मी नव्या गाडीची तिकिटं काढली. निदान खिडकीतून तरी दिसेल, असा माझा विचार. तिथे गाडी थांबते का, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या मार्गावरची गाडी तिथे थांबणार नाही, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. यशवंतपूरला जिना चढताना मी तिची पिशवी घेतली. भलतीच जड लागली. दहीभाताचा डबा आणि पाण्याची बाटली असेल असं समजून चाललो.

प्रवासात ती खूप बोलली. बाहेरची टेकडी ओळखली, तळं ओळखलं. तळं ओलांडल्यावर तिने पदर खोचला, चपला घातल्या, पिशवी मागून घेतली आणि सीटच्या दांड्याला धरून उभी राहिली. मी तिला बस म्हणू शकलो नाही. पिवळी पाटी आली, गवत आलं, छप्पर आलं आणि गेलं. गाडीने वेगसुद्धा कमी केला नाही. लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. सवयीने माझ्या हातात मोबाइल होता आणि मी व्हिडिओ घेत होतो.

अक्का बराच वेळ तशीच उभी होती. समोरच्या बाईने तिला हात धरून बसवलं. मग तिने पिशवीतून नॅपकिनात गुंडाळलेलं काही तरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता होता. तिथे ठोकायला काही असेल नसेल, म्हणून घेतला होता, असं ती म्हणाली.

"परत येताना थांबेल न्हवं?" तिने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला त्या गाडीबद्दल खरं सांगितलं. नाही थांबणार अक्का, आता कधीच नाही, आणि तो रूळही तिथे राहिलेला नाही.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त मान हलवली आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "मग त्या रविवारीच जायला पाहिजे होतं रे."

परतीच्या गाडीतही यशवंतपूर येईपर्यंत तो बत्ता माझ्या मांडीवरच होता.